माझ्या रकान्यातलं रीडिंग

गुरुत्वाकर्षणाला छत्री नाही, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी टाकायचे, आणि दरवर्षी मागच्या बाकांवर थोडं हसू फुटायचं. वाशीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवत होते. अकरावीला गुरुत्वाकर्षण, बारावीला विद्युत आणि चुंबकत्व. मधल्या सुट्टीत मुलं पहिलं सगळं विसरलेली असत, म्हणून बारावीच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर दोन सूत्रं शेजारी शेजारी लिहायचे. दोन वस्तुमानांमधली ओढ आणि दोन विद्युतभारांमधलं बळ. सख्ख्या बहिणी वाटाव्यात इतकी सारखी सूत्रं. अंतर दुप्पट झालं की दोन्हीकडे बळ चौथाई. मग मी फरक सांगायचे. विद्युतभार दोन प्रकारचे असतात, म्हणून एकाचा परिणाम दुसऱ्याने पुसता येतो. धातूच्या बंद पेटीत बसलं तर बाहेरचं विद्युतक्षेत्र आपल्यापर्यंत पोचत नाही. वस्तुमान मात्र एकाच जातीचं. ते ओढतं, एवढंच. त्याच्यापासून लपायला पेटी नाही, भिंत नाही, छत्री नाही.

मी चांगली शिकवायचे, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं. क्षेत्र ही कल्पना मुलांच्या डोक्यात शिरायला जड जाते. समोर काही दिसत नाही, आणि बाई म्हणतात इथे काहीतरी आहे. मी म्हणायचे, ओढलं जायला कुणी असो वा नसो, ओढ त्या जागी असतेच. हे सांगताना मला खरोखर आनंद व्हायचा. जगात एवढं स्वच्छ, एवढं निःपक्षपाती दुसरं काही नाही असं वाटायचं. घरी गेल्यावर मात्र कुणाला त्यात रस नव्हता.

घर बेलापूरला, चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. सासरचे लोक मूळचे पनवेलकडच्या गावातले. शेती नव्या शहरात गेली आणि तिच्या जागी हा फ्लॅट आला. सासूबाई, आम्ही दोघं आणि आमचा दोन वर्षांचा मुलगा, धाकटा दीर आणि त्याची नवी बायको. मी साताऱ्याकडची, शिकलेली, पगार आणणारी, आणि लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. त्यामुळे सासूबाई मला जपून वागवायच्या. पाहुण्याला वागवतात तसं. रागवायचं झालं तर त्या धाकट्या सुनेला रागवत.

धाकटी जाऊ जासईची. वडील मिठागरावर कामाला होते. तिने बारावी आर्ट्स केलं होतं आणि पुढे शिकायची इच्छा होती, पण स्थळ आलं. मला ती ताई म्हणायची. त्या घरात माझं फिजिक्स परीक्षेच्या धाकाशिवाय ऐकणारी ती एकटी. मी उत्तरपत्रिका तपासायला बसले की ती भाजी निवडत समोर बसायची आणि मध्येच विचारायची, हे बाण कसले काढलेत? मग मी लाल पेन ठेवून सांगत सुटायचे.

एकदा मी तिला स्वयंपाकघरात प्रयोगच करून दाखवला. दिराचा छोटा ट्रान्झिस्टर चालू केला, बातम्या लागल्या होत्या. तो पिठाच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट बसवलं. आवाज बंद. तिने डब्याला कान लावला, झाकण उघडलं, बातम्या सुरू, लावलं, बंद. असं चार-पाच वेळा केलं. मग मी डबा तिच्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, वजन कमी झालं का? नाही झालं. मी म्हणाले, रेडिओची लहर विद्युतचुंबकीय, ती पत्र्याने अडते. पृथ्वीची ओढ पत्र्याने अडत नाही, कशानेच अडत नाही. तिने डबा तसाच धरून ठेवला होता. नंतर बरेच दिवस ती पीठ काढताना हसायची.

त्याच सुमारास तिला दिवस गेल्याचं कळलं होतं. आणि दिवाळीत सूर्यग्रहण होतं.

नव्वदीच्या मध्यातलं ते ग्रहण बऱ्याच जणांना आठवत असेल. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन दिवाळीत. आमच्याकडे खंडग्रास, पण चांगलं मोठं दिसणार होतं. सासूबाईंनी आठवडाभर आधीच सूचना द्यायला सुरुवात केली. गरोदर बाईने ग्रहण पाळायचं. वेध लागले की खायचं नाही, ग्रहण लागलं की आतल्या खोलीत पाटावर बसायचं, पाय सरळ, हात मोकळे. कापायचं नाही, शिवायचं नाही, काही मोडायचं नाही. कापलं तर पोराचा ओठ नाहीतर कान कापलेला निघतो. हे त्या रागाने सांगत नव्हत्या. डाळीत मीठ किती घालायचं ते जसं सांगायच्या, तसंच.

जाऊ घाबरली होती, आणि उत्सुकही होती. तिने मला विचारलं, ग्रहणात चंद्र मध्ये येतो, तर सूर्याची ओढ अडते का? मी म्हणाले, उजेड अडतो, ओढ अडत नाही. छत्री नाही म्हणून सांगितलं ना. उलट दोघं एका रांगेत येऊन एकाच बाजूने ओढतात. तिने लगेच विचारलं.

"म्हंजे अवसेला उधान येतं तेच ना, ताई? आमच्या मिठागरात बाबा दर अवसेला बांध बघायला जायाचे. मग हे काय नवीन नाय. दर म्हैन्याला हायच."

मी खूश झाले. बारावीच्या साठ मुलांत मला जे उत्तर मिळालं नसतं ते तिने भरतीच्या पाण्यातून काढलं होतं. मी म्हणाले, बरोबर. फक्त या अवसेला सावली नेमकी आपल्यावर पडते, एवढाच फरक, आणि सावलीने कुणाचे ओठ फाटत नाहीत. ती हसली. पण भीती अशी सूत्राने जात नाही. दुसऱ्या दिवशी तिने खालच्या आवाजात विचारलं की तुमच्या वेळी ग्रहण आलं होतं का, आणि तुम्ही काय केलंत?

मी म्हणाले, आलं होतं. मी काहीच पाळलं नाही. भाजी चिरली, स्वयंपाक केला. बघ की पोरगं कसं ठणठणीत आहे.

हे खोटं होतं. मला सातवा लागला होता तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी होते, आणि जूनमधल्या एका संध्याकाळी चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला. आईने पाट मांडला. मी हसले, वाद घातला, एम.एस्सी.ची पदवी काढून दाखवली, आणि मग बसले. आईचं मन राखायला बसले असं मी पुढे स्वतःला सांगत आले. पण पाटावर बसून पाय सरळ ठेवताना पाठीतून कळ निघत होती तरी मी हलले नव्हते. आई स्वयंपाकघरात होती, माझ्याकडे बघत नव्हती. तरीही मी हलले नव्हते. ग्रहण सुटेपर्यंत मुंगी चावली तरी खाजवलं नसतं इतकी मी घाबरले होते.

आता हे खोटं मी का बोलले ते सांगायला माझ्या कॉलेजातली एक रीत सांगायला हवी. अकरावीला साध्या लंबकाचा प्रयोग असतो. दोऱ्याला गोळा बांधायचा, झोके मोजायचे, वेळ घ्यायची, आणि त्यातून गुरुत्वाचं त्वरण काढायचं. उत्तर सगळ्या जगाला माहीत असतं, नऊशे ऐंशी. त्यामुळे मुलं काय करतात, आधी उत्तर लिहितात आणि मागे जात जात रीडिंग बनवतात. गोळा नुसता झुलत असतो. जर्नलमध्ये सगळ्यांचं उत्तर नऊशे ऐंशी पूर्णांक अमुक. मी या प्रकारावर भयंकर चिडायचे. पानावर उभी लाल रेघ मारून प्रयोग पुन्हा करायला लावायचे. मी म्हणायचे, नऊशे चाळीस आलं तर नऊशे चाळीस लिही. उत्तर बरोबर आहे म्हणून खोटं रीडिंग खरं होत नाही. मुलं मला मागून काय नाव ठेवायची ते मला माहीत होतं.

आणि मी माझ्या जावेच्या बाबतीत तेच केलं. उत्तर मला माहीत होतं: ग्रहणाने गर्भाला काही होत नाही. ते आजही बरोबरच आहे. मग त्याला शोभेल असं एक रीडिंग मी बसल्या जागी तयार करून दिलं. मला त्यात काही पाप वाटलं नाही. शिक्षकाच्या उत्साहात मी ते विसरूनही गेले.

ग्रहणाच्या सकाळी कॉलेजची दहा-बारा मुलं आमच्या इमारतीच्या गच्चीवर जमली. सूर्याकडे थेट बघायचं नाही म्हणून पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून पांढऱ्या कागदावर प्रतिमा पाडायची असं ठरलं होतं. सासूबाई देवासमोर माळ घेऊन बसल्या होत्या. दीर आणि हे अजून उठले नव्हते. जाऊ आतल्या खोलीत पाटावर बसली होती, हातात तुळशीचं पान. मी दारातून हाक मारली, वर चल, असं परत बघायला मिळणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, माझ्यावर विश्वास आहे ना? ती उठली.

गच्चीवर वारा होता आणि खाडीकडून सुकटीचा वास येत होता. ऊन हळूहळू फिकं होत गेलं, सावल्यांच्या कडा तीक्ष्ण झाल्या. पुठ्ठे कमी पडले. एकाला मोठं भोक पडलं होतं, प्रतिमा धूसर येत होती. जाऊ म्हणाली, द्या इकडे, मी करते. पोरींनी आणलेली कात्री घेऊन तिने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा चौकोनी कापला, सुईने मधोमध भोक पाडलं, इतकं नेमकं की कागदावर सूर्याची स्वच्छ कोर उतरली. चतुर्थीच्या चंद्रासारखी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने अजून चार पुठ्ठे कापले. मी तिला एवढं खुललेलं कधी पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा मला अजून दिसतो, आणि तो दिसला की मला बरं वाटत नाही.

शेजारच्या गच्चीवरून एक बाई हे बघत होत्या. त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत फाटलेला. टाळू शाबूत होती, हे भाग्य, असं डॉक्टर म्हणाले. घरात ते भाग्य कुणाला ऐकू आलं नाही. अंगावर ओढता येत नव्हतं म्हणून जाऊ दूध काढून बोंडल्याने पाजायची, थेंब थेंब, मान तिरकी करून. अर्धं दूध दुपट्यावर सांडायचं. बारशाला माणसं आली तेव्हा सासूबाईंनी बाळाच्या तोंडावर कुंचीची कड ओढून ठेवली होती. दृष्ट लागू नये म्हणून, असं त्या म्हणाल्या.

शेजारच्या बाईंना गच्ची आठवली ती बारशानंतर. त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून जावेला म्हणाल्या, "कातर हातात धरलीस गो, गिरानात? तुला सांगितलं नव्हतं मी?" आवाज चढलेला नव्हता. त्या रडत होत्या. ताईंनी बोलावलं म्हणून गेले, असं एक वाक्य जावेला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. मी तिथेच टेबलाशी उत्तरपत्रिका घेऊन बसले होते. मीही काही म्हणाले नाही. सासूबाई माझ्याकडे एकदाही वळल्या नाहीत. शिकलेल्या सुनेला कोण विचारणार? मी खाली मान घालून एकाच पेपरवर परत परत बरोबरची खूण करत राहिले. मला लाज वाटत होती, आणि त्यापेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटत होतं.

महिनाभराने मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला मी जावेबरोबर गेले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पाचव्या महिन्यात ओठ शिवू. छान होईल, रेघसुद्धा पुसट दिसेल. मी मुद्दाम विचारलं, हे पोटात केव्हा होतं? ते म्हणाले, ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, तेव्हा जुळला नाही तर असा राहतो. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पाण्याची बाटली उघडता उघडता मी मनात आकडे मांडले. ग्रहण लागलं तेव्हा तिला चौथा महिना चालू होता. ओठाचा निकाल त्याच्या दीड-दोन महिने आधीच लागला होता. कात्रीचा काही संबंधच उरत नव्हता. परतीच्या बसमध्ये मी तिला हे तीन वेळा समजावलं. घरी आल्यावर सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरला टाके घालायचं कळतं. पण मला त्यांची पर्वा नव्हती. माझं गणित सुटलं होतं आणि मी स्वतःवर खूश होते.

जाऊ मात्र त्या दिवसापासून जास्तच मिटत गेली. आधी ती निदान रडायची. आता ती आठवत बसायची. मध्येच मला विचारायची, गौरी कुठल्या वारी बसल्या होत्या? तुम्ही पगार झाल्यावर पपई आणली होती ती कधी? मी उत्तरं द्यायचे आणि कामाला लागायचे. तिला त्यातून काय शोधायचं होतं ते मी विचारलं नाही. कळायला हवं होतं. मी तिच्या हातून एक गुन्हेगार काढून घेतला होता आणि त्या जागी कुणालाच दिलं नव्हतं. मग ती जागा तिने स्वतः भरली.

ऑपरेशनला आठ दिवस राहिले होते तेव्हाची दुपार. मी लवकर घरी आले होते. सासूबाई पोथी ऐकायला खाली गेल्या होत्या, माझा मुलगा त्यांच्याबरोबर. बाळ पाळण्यात झोपलं होतं. जाऊ माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने एक वही पुढे केली. माझ्याच एका विद्यार्थ्याचं जुनं, अर्धं कोरं जर्नल होतं, रद्दीत काढून ठेवलेलं. मागच्या कोऱ्या पानांवर तिने पट्टीने रेघा मारून तक्ते केले होते. तिने मला ते तपासायला सांगितलं, वर्गात मुलं सांगतात तसंच.

पहिली तीन पानं त्या दुसऱ्या महिन्याची. रोजचा दिवस, काय खाल्लं, कुठे गेले, काय उचललं. गौरीला जासईला रिक्षाने, रस्ता खराब, ट्रेलरच्या मागे दोन तास. ताप, एक गोळी. पपईची एक फोड. पाण्याची बादली दोनदा. पुढच्या पानावर दोनच रकाने होते. एकावर लिहिलं होतं ताई, दुसऱ्यावर मी.

"तुमी सांगता ना, एकच गोष्ट बदलायची आनी बाकीचं तसंच ठेवायचं," ती म्हणाली. "तसं केलंय."

घर एक. पाणी एक. सासू एक. नवरे सख्खे भाऊ. जेवण एक. मग ग्रहण: ताई, कापलं. मी, कापलं. मूल: ताई, चांगलं. मी, ओठ. आणि त्याखाली, जर्नलमध्ये असतो तसा, अधोरेखित शब्द, निष्कर्ष. दोष माझ्यात.

मी तक्ता नीट बघितला. माझ्या शिकवणुकीप्रमाणे तो अगदी बरोबर मांडलेला होता. आमच्या कॉलेजातल्या कुणी केला असता तर मी वर्गाला वाचून दाखवला असता. ती सांगत होती की तिला डॉक्टरांना हे विचारायचंय: आईच्या रक्तातच दोष असेल तर टाके धरतात का, की उसवतात? आणि दुसऱ्या मुलाचा विचार तिने सोडला होता, दिराशी तसं बोलणं झालं होतं. हे सगळं ती शांतपणे सांगत होती, उत्तर सापडल्यावर माणूस बोलतो तसं.

माझ्या रकान्यात एक रीडिंग बनावट होतं आणि त्याच्यावर तिचा निष्कर्ष उभा होता. ते खोडलं तर काय होईल तेही मला दिसत होतं. जी बसली तिचं मूल चांगलं, जिने कापलं तिच्या मुलीचा ओठ फाटला. तक्ता सरळ ग्रहणाकडे बोट दाखवणार. ओढीला छत्री नाही, सावलीने ओठ फाटत नाहीत, दुसरा महिना, चौथा महिना, सगळं माझ्या तोंडाने खोटं पडल्यासारखं होणार, आणि सासूबाई बरोबर ठरणार. गप्प राहावं असं मला वाटलं. खूप वाटलं. आठ दिवसांवर ऑपरेशन होतं आणि तिला वाटत होतं की तिच्या रक्ताने टाके उसवतील.

"हे चुकलंय," मी माझ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले. "मी कापलं नव्हतं. आईने पाट मांडला आणि मी बसले होते. शेवटपर्यंत बसले होते. तुला खोटं सांगितलं."

तिने पेन्सिलीच्या टोकाचा रबर घेतला, माझ्या रकान्यातला ‘कापलं’ हा शब्द पुसला, रबराचा चुरा फुंकरून उडवला आणि तिथे लिहिलं, बसल्या. मग खालचा निष्कर्ष बराच वेळ बघत राहिली. मी बोलायला सुरुवात केली. दोन रीडिंगांवरून काही ठरत नसतं. हजार बायका बसल्या आणि हजार बसल्या नाहीत तर कळेल. हजारातल्या काहींची मुलं दोन्हीकडे अशीच निघतील. आणि ओठ तर ग्रहणाच्या आधीच जुळायचा राहिला होता, ते डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं. यातलं एकेक वाक्य खरं होतं. तिने मला पूर्ण बोलू दिलं. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं, मला ते दिसत होतं, आणि ते माझ्या फिजिक्समुळे उतरलेलं नव्हतं.

मग तिने निष्कर्षही पुसला. त्या जागी नवीन काही लिहिलं नाही. वही बंद करून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, मग मला का नाय बसवलंत?"

मला खूप उत्तरं येत होती. तू विचारलंस तेव्हा तुला धीर द्यायचा होता. तू भरतीचं ते बोललीस तेव्हा मला वाटलं तू माझ्यासारखी आहेस. माझं बसणं हा माझा कमकुवतपणा होता, तो तुझ्यात नको होता. ही सगळी उत्तरं मी त्याआधी स्वतःला देऊन पाहिलेली होती आणि ती सगळी आधी निकाल ठरवून मग बनवलेली होती. पाटावर मुंग्या आलेले पाय मी का हलवले नव्हते, आणि गच्चीवर तिच्या हातात कात्री बघून मला टाळ्या का वाजवाव्याशा वाटल्या, याचं कारण एकच होतं आणि ते मला तेव्हाही माहीत होतं.

"माझ्या पोरासाठी मला भीती वाटली होती," मी म्हणाले. "तुझ्या पोरासाठी नाही वाटली."